अर्थ कुठेच लागत नाही

दिनांक १८ एप्रिल १९९३, रविवार, सकाळी साडेदहा. स्थळ महू. रक्कम बावीस हजार पाचशे रुपये, रोख. हजर माणसं चार: मी, माझी बायको, व्हॅन विकणारे एका शाळेचे जुने व्यवस्थापक आणि आमच्या मिलमधला वायरमन. या चौघांत गाडीतलं काही कळणारा माणूस एकच होता. त्याच्याशी मी पुढे जे वागलो, ते लिहून ठेवायला मी बसलो आहे.

मिल बंद होऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. मी हिशेब खात्यात एकवीस वर्षं काढली होती, वायरमनने विजेच्या खात्यात सोळा. मिलमध्ये आमची ओळख नमस्कारापुरतीच होती. मिल बंद झाल्यावर एकाच गल्लीत दिवसभर रिकामे बसू लागलो, तेव्हा ती वाढली. तो मला बाबूजी म्हणायचा, कारण मिलमध्ये कारकुनाला सगळे तेच म्हणायचे. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. पीथमपूरला तेव्हा नवे कारखाने धडाधड उघडत होते, पण सेहेचाळीस वर्षांच्या, खतावणी हाताने लिहिणाऱ्या माणसाची तिथे कोणाला गरज नव्हती. मी ठरवलं, शाळेची मुलं न्यायची. शहरातल्या एका शाळेने शब्द दिला: राऊकडच्या नव्या कॉलन्यांमधली चौदा मुलं, एक जुलैपासून. एक जुलैला गाडी दारात आली नाही, तर काम दुसऱ्याला.

व्हॅन अकरा वर्षांची होती आणि दोन वर्षं पत्र्याखाली उभी होती. वायरमनने इंजिन चालू करून दहा मिनिटं ऐकलं, मग खाली वाकून हातात आलेल्या वायरींचा झुबका मला दाखवला.

"इंजन टनाटन आहे, बाबूजी. वायरिंग म्हणजे मात्र खिचडी."

"खिचडी आहे तर मग भाव पुलावाचा का?" असं बायकोने विचारलं. व्यवस्थापक हसले आणि चोवीस हजारांचे साडेबावीस झाले.

काम आम्ही वाटून घेतलं. पत्रा आणि रंग माझा, वायरिंग त्याचं. त्याने आगाऊ काही घेतलं नाही.

मे महिना मी रंगात घालवला. कुठलंही काम करायचं तर पुरं करायचं, अशी माझी सवय आहे, आणि तेव्हा मला तिचा अभिमान होता. दिवे, ब्रॅकेट, नट, बोल्ट, सगळं सुटं केलं. गंज घासला. आधी लाल प्रायमर, मग तेलरंगाचे तीन हात. भोकांच्या आतूनसुद्धा बारीक ब्रश फिरवला. परत गंज चढू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूब कापून रबराचे वायसर केले, एकूण एकशे बारा, आणि प्रत्येक दिव्याच्या, प्रत्येक पट्टीच्या खाली एकेक घातला. गल्लीतली माणसं बघायला यायची. वायरमनही आला. त्याने मागच्या दिव्याजवळ नख लावून बघितलं आणि म्हणाला, "रंग जाडा आहे."

"तीन हात आहेत," मी म्हणालो.

"दिसतंय," तो म्हणाला. मला ती तारीफ वाटली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने वायरिंग सुरू केलं. शहरात राजवाड्याजवळच्या बाजारातून मी साठ मीटर वायर आणून दिली. चार दिवस तो गाडीच्या पोटात होता. सगळं जोडून झालं, बॅटरी लावली आणि मग तमाशा सुरू झाला. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे इंडिकेटर मिणमिणायचे. पुढचे मोठे दिवे लावले की मागचे विझायचे. हॉर्न दाबला की आवाज यायचा नाही, पण वायपर एक झटका द्यायचा आणि काचेवर अर्ध्यात थांबायचा.

बायको पायरीवर बसून गवार मोडत होती. म्हणाली, "हॉर्न दाबला की हात जोडते वाटतं तुमची गाडी."

"संस्कारी आहे, वहिनी," वायरमन खालून म्हणाला. "मराठी घरात आली ना."

त्याच्याकडे स्वतःचा मीटर होता, काळी आणि लाल अशा दोन पिनांचा. तो एकेका दिव्याशी पिना टेकवून आकडा सांगायचा आणि मी वहीत उतरवायचो. ती वही माझ्याकडे अजून आहे. मागचा डावा दिवा, काळी पिन बॉडीला: ४.१. तोच दिवा, काळी पिन लांब वायर लावून थेट बॅटरीला: १२.३. उजव्या दिव्याचं ३.८ आणि १२.३. असे नऊ दिव्यांचे अठरा आकडे मी सुवाच्य अक्षरात लिहिले, समास आखून. दोष काय आहे ते त्या पानावर सरळ लिहिलेलं होतं. आकड्यांवर पोट भरलेल्या माणसाने ते लिहिले, आणि त्याला दिसलं नाही.

वायरमनने पान बघितलं आणि "हं" म्हणाला.

"हं म्हणजे काय?"

"उद्या सांगतो, बाबूजी. दाखवूनच सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बल्ब आणायला राजवाड्याला गेलो. एक वाजता परत आलो तर वायरमन नव्हता. स्टिअरिंगला सुतळीने एक चिठ्ठी बांधलेली होती. सिगारेटच्या पाकिटाची आतली बाजू, पेन्सिलने लिहिलेली:

"अर्थ कुठेच लागत नाही. हात लावू नका. आल्यावर बघतो. वेळ १२.१०."

खाली सही.

मी ती चिठ्ठी शाळेत मराठी शिकलेला कोणीही वाचेल तशी वाचली. कशाचाच अर्थ लागत नाही. म्हणजे याला काही समजलेलं नाही, हात टेकून गेला. बायकोने वाचली आणि म्हणाली, "असं कोणी लिहितं का? नीट विचारा त्यांना." मी त्याच्या घरी गेलो. कुलूप. शेजारचा म्हणाला, "भाई बीमार है उसका, खंडवा गया है। भाभी भी गई।" परत कधी येणार? "अब ये तो पता नहीं, भिया।"

तीन दिवस वाट बघितली. एक जुलैला पंधरा दिवस उरले. चौथ्या दिवशी, दुसरं काही सुचेना म्हणून, मी वायर मोजली. साठ आणली होती. गाडीत घातलेली आणि गुंडाळीत उरलेली मिळून त्रेपन्न भरली. सात मीटर कमी. पुन्हा मोजली, तरी सातच कमी.

इथे एक सांगायला हवं. मिल बंद झाल्यानंतर आतलं तांबं हळूहळू गायब झालं होतं. कोणी नेलं ते कोणाला माहीत नव्हतं, आणि त्यामुळे विजेच्या खात्यातल्या प्रत्येक माणसाकडे लोक जरा तिरकेच बघायचे. हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनही दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर दुधाच्या रांगेत मी बोललो.

"काय बाबूजी, गाडी कधी निघणार?"

"वायरमनला विचारा. त्याला म्हणे अर्थच लागत नाही. तसं लिहून ठेवून गेलाय. आणि सात मीटर वायर कमी आहे."

"तो सोलह साल मिल में क्या समझ के बैठा था?"

"अरे भिया," मागून कोणीतरी म्हणालं, "सात मीटर का अर्थ तो बराबर लग गया उसको!"

सगळे हसले. मीही हसलो. ते वाक्य माझं नव्हतं, पण त्यातले सात मीटर माझे होते.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी, एकवीस तारखेला, मिलच्या टाइम ऑफिसातला माझा एक जुना सहकारी स्कूटरवर आला. तो आता पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यात माणसं भरण्याच्या खात्यात होता. चहा झाल्यावर म्हणाला, "तुमच्या गल्लीतल्या वायरमनने आमच्याकडे अर्ज दिलाय. मेंटेनन्सला एकच जागा आहे. एकवीसशे पगार, नेण्या-आणण्याला बस. दोघांत तोलतोय. त्याने तुमचं नाव दिलंय, बाबूजींना विचारा म्हणून."

अर्जाबद्दल वायरमन मला काही बोलला नव्हता. सोळा महिन्यांत माझं मत विचारायला कोणी घरी आलं नव्हतं. मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. मी आत गेलो आणि चिठ्ठी घेऊन आलो. मी ती टाकली नव्हती, बिलांच्या फायलीत लावली होती.

त्याने वाचली. "हे त्याचंच अक्षर?"

"त्याचंच."

"काम अर्ध्यावर टाकून गेला?"

"बघताय तुम्ही."

"आणि सामानाचं? आमच्याकडे तांब्याचं पूर्ण स्टोअर त्याच्या हाती राहील."

मी म्हणालो, "सात मीटर कमी भरली. मी कोणाचं नाव घेत नाही."

हे शेवटचं वाक्य मी म्हटलं. चोर म्हटलं असतं तर ते निदान उलट तपासता आलं असतं. नाव न घेता मी सगळंच सांगून टाकलं, आणि वर सज्जनही राहिलो.

"तुम्ही आकड्यात चुकत नाही, बाबूजी," तो म्हणाला. "तीस तारखेपर्यंत नाव द्यायचंय. बघू." तो गेल्यावर बायको कप उचलून आत निघून गेली.

तेवीस तारखेला, बुधवारी, मी महू रोडवरच्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. इंजिन चालत होतं, दिवेच नव्हते, म्हणून दिवसा चालवत नेता आली. त्याने मीटरसुद्धा काढला नाही. मागच्या दिव्याचा स्क्रू सोडवला, माझा रबराचा वायसर बोटावर घेऊन बघितला, बाजूला ठेवला. मग कानशीने दिव्याखालचा रंग रुपयाएवढा घासला, पत्रा उघडा केला आणि स्क्रू परत आवळला. दिवा लख्ख लागला.

"किसने रंगी है?"

"मैंने."

"हाथ बढ़िया है। लेकिन बाबूजी, अर्थ कहाँ से मिलेगा इसको? अर्थ तो कहीं लग ही नहीं रहा।"

मी त्याला पुन्हा म्हणायला सांगितलं. त्याला वाटलं मला कमी ऐकू येतं. मोठ्याने म्हणाला, "अर्थ! अर्थ! बैटरी का माइनस बॉडी में आता है। हर बत्ती बॉडी से लेती है। एक वायर जाने की, लौटने का रास्ता ये पतरा। तुमने बीच में रंग भी लगा दिया, रबर भी डाल दिया। अब करंट लौटे किधर से? तो इधर की बत्ती उधर से माँगती है, हॉर्न वायपर से माँगता है।"

अर्थ. जमिनीला जोडायची वायर असते ना, घरातल्या तीन पिनांच्या प्लगमध्ये, तो अर्थ. वायरमनने हवालदिल होऊन काही लिहिलं नव्हतं. त्याने दोष काय आहे ते चार शब्दांत लिहून ठेवलं होतं.

म्हाताऱ्याने तेवढ्यात मागच्या सीटखालची चटई उचलली. "ये काली वायर किसने डाली?" दोन्ही मागच्या दिव्यांपासून निघून पत्र्याच्या कडेकडेने एक काळी वायर ड्रायव्हरच्या सीटखाली बॅटरीपर्यंत गेली होती. शेवटचं टोक न जोडता, टेप लावून ठेवलेलं. म्हाताऱ्याने टेप काढून ते बॅटरीच्या मायनसला टेकवलं. उजवा दिवा, ज्याचा रंग अजून घासला नव्हता, तोही लागला.

"समझदार आदमी है," म्हातारा म्हणाला. "इसको मालूम था। दिखाने के लिए डाली होगी।"

मी ती वायर तिथेच मोजली. सात मीटर.

आता इथून पुढचं सगळ्यात वाईट आहे. चिठ्ठी वाचण्यात चूक झाली, ती न कळून झाली. पण तेवीस तारखेच्या संध्याकाळी मला सगळं कळलेलं होतं. तीस तारीख यायला सात दिवस होते. पीथमपूरची बस तासाभराची. मी गेलो नाही.

स्वतःला मी कारण दिलं ते माझ्या स्वभावाला शोभणारं होतं. आधी सगळे जोड घासून बघू, दोष खरोखर एवढाच आहे याची खात्री करू, मग पुराव्यासकट सांगू. एकशे बारा वायसर. रोज सोळा-सतरा काढायचो, रंग घासायचो, दिवा लावून बघायचो, वहीत खूण करायचो. दोष एवढाच आहे हे पहिल्या दोन दिव्यांतच सिद्ध झालं होतं. बाकीचे मी, तोंड दाखवावं लागू नये म्हणून घासत होतो.

तिसऱ्या दिवशी बायकोने विचारलं, "कारखान्यात सांगून आलात?"

"काम तर पुरं होऊ दे."

"गाडीचं की त्यांचं?"

मी कानशी चालवत राहिलो.

तीस जूनच्या दुपारी शेवटचा जोड झाला. एक जुलैला सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी राऊहून पहिली मुलं घेतली. चौदाच्या चौदा. सगळे दिवे चालू, हॉर्न चालू. मुलं शाळेत सोडून मी गाडी घरी लावली आणि अकराच्या बसने पीथमपूरला गेलो.

सहकाऱ्याने मला बसवलं. मी म्हणालो, वायरमनबद्दल मी चुकीचं सांगितलं. चिठ्ठीतल्या अर्थाचा अर्थ सांगितला. वायर गाडीतच होती म्हणून सांगितलं.

"काल संध्याकाळी दुसऱ्याचं नाव दिलं," तो म्हणाला. "तो आज कामावर रुजूही झाला." मग त्याने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं, बाबूजी?"

खोटं बोलायला पुरेशी जागा होती. मी म्हणालो, "तेवीस तारखेला."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग समोरचे कागद सरळ केले. चहाचं विचारलं नाही.

वायरमन सत्तावीसलाच खंडव्याहून परत आला होता. भावाची कावीळ उतरली होती. माझ्याकडे तो आला नाही, कारण डेअरीवरचं त्याला आल्या दिवशीच कळलं होतं. मी चार जुलैला, रविवारी, त्याच्या घरी गेलो. तो जमिनीवर बसून कोणाचा तरी टेबलफॅन उघडत होता.

"या, बाबूजी."

मी उभ्यानेच सगळं सांगितलं, तारीखवार. चिठ्ठी, डेअरी, सहकारी, महू रोडचा म्हातारा, तेवीस तारीख, एक तारीख. त्याने मध्ये कुठेच अडवलं नाही. शेवटी म्हणाला, "अर्थ म्हणजे अर्थ. दुसरं काय लिहिणार? खात्यात सोळा वर्षं असंच लिहिलं. पाळी संपली की मशीनच्या हँडलला चिठ्ठी बांधायची, पुढच्या पाळीवाला वाचायचा आणि हात लावायचा नाही. कोणी कधी विचारलं नाही की याचा अर्थ काय." स्वतःच्याच वाक्यावर त्याला थोडं हसू आलं, ते लगेच गेलं.

"मला तोंडावर सांगायचं होतंस."

"काय सांगू? महिनाभर घासून, रंगवून बसलेले तुम्ही. गल्ली येऊन बघून जाते. आणि मी म्हणू, बाबूजी, रंगानेच गाडी मेली? म्हटलं वायर टाकून दाखवतो, दिवा लागला की तुम्ही स्वतःच समजाल. टाकत होतो तेवढ्यात खंडव्याचा निरोप आला."

आतून त्याची बायको दारापाशी आली. "आणि सात मीटर?"

"राहू दे," तो म्हणाला.

"का राहू दे? डेअरीवर मला विचारतात, भाभी, तांबा क्या भाव गया. तुला नाही विचारत, मला विचारतात."

मी खिशातून पाकीट काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्यात एकवीसशे रुपये होते. त्याने पाकिटाला हात लावला नाही.

"हे कशाचे?"

"त्या जागेचा एक महिन्याचा पगार."

"आणि पुढच्या महिन्याचा?" त्याने रागाने नाही, नुसतंच विचारलं. स्क्रू काढत होता, तो काढत राहिला. मी म्हणालो, उद्या सकाळी माझ्याबरोबर डेअरीवर चल, सगळ्यांसमोर सांगतो.

"तुम्ही जा. मी कशाला ऐकायला उभा राहू?"

दुसऱ्या दिवशी मी गेलो आणि रांगेत सांगितलं. सगळं ऐकून एकजण म्हणाला, "अरे होता है, बाबूजी, जाने दो," आणि बरणी पुढे केली. त्यानंतर वायरमन नव्या घरांमध्ये रोजंदारीवर वायरिंग करू लागला. डेअरीवर त्याला सात मीटर म्हणणारे एक-दोघं पुढची तीन-चार वर्षं होते. मी दर वेळी टोकायचो. मी टोकलं की ते जास्तच हसायचे.

त्या रविवारी मी पाकीट परत उचललं, तेव्हा तो म्हणाला, "माझे पाच दिवस झाले. साठाने तीनशे. तेवढे द्या." मी एकवीसशेतून तीनशे काढून त्याच्यापुढे धरले. त्याचे हात ग्रीसचे होते. त्याने मानेने आत दाखवलं. दिनांक ४ जुलै १९९३, तीनशे रुपये, वायरमनच्या बायकोच्या हातात. तिने ते माझ्यासमोर मोजून घेतले.